शब्दाला एक सेंट

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागात, प्रॉस्पेक्ट पार्कजवळच्या विंडसर प्लेस या रस्त्यावर १९३६ सालापासून ज्युडा असिमोव्ह नावाच्या गृहस्थाचे एक लहानसे दुकान होते. अमेरिकेत अशा दुकानास कँडी स्टोअर म्हणत. गोळ्या, चॉकलेटे, सिगारेटी, सोडा, वर्तमानपत्रे, मासिके असा सारा किरकोळ माल तेथे मिळे आणि विक्री पेनी-दोन पेनींची असे. दुकान सकाळी सहाला उघडे आणि रात्री एकला बंद होई, आठवड्याचे सातही दिवस. नोकर ठेवणे परवडण्याजोगे नव्हते. त्यामुळे पती, पत्नी आणि मुले हेच नोकर आणि हेच मालक. थोरला मुलगा आयझॅक भल्या पहाटे उठून गिऱ्हाइकांच्या घरी वर्तमानपत्रे टाकी, मग शाळेस जाई. शाळा सुटताच त्याला धावत परतावे लागे, कारण दुपारी वडिलांना घटकाभर पाठ टेकायची असे आणि गल्ल्यावर कोणीतरी बसणे आवश्यक होते.

हाच मुलगा पुढे विसाव्या शतकातील अग्रगण्य विज्ञानकथाकारांपैकी एक झाला. आकाशगंगेचे साम्राज्य, माणसाची आज्ञा पाळणारे यंत्रमानव, सहा सूर्यांच्या उजेडात न्हाणारा ग्रह हे सगळे ज्या डोक्यातून निघाले, ते डोके दिवसाचे कित्येक तास सुट्या पैशांचा हिशेब करीत असे. विज्ञानकथालेखक म्हटला की प्रयोगशाळा, दुर्बीण, निदान एखादी निवांत अभ्यासिका तरी डोळ्यांसमोर येते. आयझॅक असिमोव्हच्या वाट्याला आरंभी यांपैकी काहीही आले नाही. त्याचे लेखन काउंटर, महाविद्यालय आणि भुयारी रेल्वे यांच्या मधल्या फटींतून झाले.

घराणे मूळचे रशियातील पेट्रोविची गावचे, धान्यव्यवहारातले. असिमोव्ह हे आडनावच रशियन भाषेतील हिवाळी धान्याच्या नावावरून आले, असे आयझॅकने लिहून ठेवले आहे. कोठारी, भंडारी अशी आडनावे मिरविणाऱ्या घरांना याचे नवल वाटू नये. आयझॅकचा जन्म १९२० सालचा. नेमकी तारीख नोंदलेली नसल्यामुळे तो २ जानेवारी हा वाढदिवस धरी. १९२३ साली हे कुटुंब अमेरिकेत आले. भाषा परकी, हाताशी भांडवल नाही, नोकरीची शाश्वती नाही. अशा स्थितीत तीन वर्षे काढल्यावर १९२६ मध्ये ज्युडा यांनी साठवलेल्या पैशांतून पहिले दुकान घेतले. त्यानंतर दुकाने बदलली, मोहल्ले बदलले, धंदा तोच राहिला. १९२९ नंतरच्या मंदीत लाखो लोक बेकार झाले, पण या कुटुंबाची चूल पेटती राहिली. वेळापत्रक जुलमी होते खरे, परंतु त्याच जुलमाने पोट भरले, हे मुलास पुरते ठाऊक होते आणि त्याने ते कधी नाकारले नाही.

आता दुकानातील मासिकांविषयी, कारण सारी कथा तेथूनच सुरू होते. मासिकांचा व्यवहार असा असे की न खपलेले अंक वितरकाकडे परत करता येत आणि त्यांची पूर्ण रक्कम वजा मिळे. अट एवढीच की अंक कोरा दिसला पाहिजे. म्हणजे हलक्या हाताने पाने उलटून वाचले, तर मालाचे मूल्य घटत नाही आणि वाचणाऱ्याचा खर्च शून्य. मुलाच्या हे लवकरच ध्यानात आले. वडिलांच्या मते मात्र भडक मुखपृष्ठांची ती मासिके म्हणजे पोरे बिघडविण्याचे साधन. त्यांनी मुलास ग्रंथालयाचे सभासदत्व घेऊन दिले होते, वाचावयाचे ते तेथून आणून वाच, असा त्यांचा दंडक होता. १९२९ साली ‘सायन्स वंडर स्टोरीज’ नावाचे मासिक दुकानात आले. नऊ वर्षांच्या मुलाने ‘सायन्स’ या शब्दावर बोट ठेवले. वडिलांचे इंग्रजी बेताचे होते, पण विज्ञान या शब्दाविषयीचा आदर मोठा होता. परवानगी मिळाली. मासिकात विज्ञान कितपत होते हा प्रश्न वेगळा.

पुढे वडिलांनी एक जुना, वापरलेला टाइपरायटर घेऊन दिला. दुकानाच्या उत्पन्नाकडे पाहता हा खर्च चैनीचाच म्हणावयास हवा. मुलगा त्यावर गोष्टी बडवू लागला. १९३७ च्या मे महिन्यात त्याने ‘कॉस्मिक कॉर्कस्क्रू’ नावाची कथा आरंभिली, काही पाने लिहिली आणि खणात टाकून दिली. १ जानेवारी १९३८ पासून त्याने दैनंदिनी लिहावयास घेतली. रोजकीर्द लिहावी तशी ती तो पुढे आयुष्यभर लिहीत राहिला. कोणती कथा कधी सुरू केली, कोठे पाठविली, कधी परत आली, किती पैसे मिळाले, याच्या तारीखवार नोंदी त्याच्यापाशी राहिल्या. त्याच्या आरंभीच्या वर्षांविषयी आज इतके नेमके सांगता येते, ते या सवयीमुळे.

१९३८ च्या मे महिन्यात एक साधीशी गोष्ट घडली. ‘ॲस्टाउंडिंग’ या त्याच्या आवडत्या मासिकाचा अंक ठरलेल्या दिवशी दुकानात आला नाही. दुसऱ्या एखाद्या वाचकाने दोन दिवस वाट पाहिली असती. हा अठरा वर्षांचा तरुण मासिक बंद पडले की काय या धास्तीने भुयारी रेल्वेत बसून थेट ‘स्ट्रीट अँड स्मिथ’ या प्रकाशनसंस्थेच्या कचेरीत जाऊन धडकला. मासिक बंद झाले नव्हते, केवळ प्रसिद्धीचा वार बदलला होता. जीव भांड्यात पडला. पण प्रकाशकाची कचेरी ही चार भिंतींची, दार असलेली, आपल्यालाही जाता येईल अशी जागा आहे, हेही त्या दिवशी त्याला प्रथमच उमगले. घरी येऊन त्याने खणातली अर्धवट कथा बाहेर काढली आणि १९ जून रोजी पूर्ण केली.

कथा पाठवावयाची कशी, याचा सल्ला त्याने वडिलांना विचारला. कथा कशी आहे हे सांगणे वडिलांच्या आवाक्यातले नव्हते, परंतु माल कसा पोहोचवावा हे ते जाणत होते. स्वतः घेऊन जा आणि संपादकाच्या हाती दे, असे त्यांनी सांगितले. मुलाने हिशेब केला. टपालाने पाठविण्यास बारा सेंट लागणार होते. भुयारी रेल्वेचे भाडे जाण्याचे पाच व येण्याचे पाच, एकूण दहा सेंट. दोन सेंट वाचत होते. संकोचाने पाय मागे ओढणाऱ्या त्या तरुणाला कचेरीत पाठविण्यात या दोन सेंटांचाही वाटा होता. २१ जून १९३८ रोजी तो पुन्हा त्या इमारतीत गेला. फार तर कारकून कथा ठेवून घेईल अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात संपादक जॉन कॅम्पबेल यांनी त्याला आत बोलावले आणि तासाहून अधिक वेळ ते त्याच्याशी बोलत बसले. कॅम्पबेल स्वतः तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते.

दोनच दिवसांत कथा साभार परत आली, सोबत दोन पानांचे पत्र होते. आरंभ संथ आहे, संवाद ताठर आहेत, आणि सुमारे नऊ हजार शब्दांची लांबी मासिकाच्या पानांत बसविण्यास अडचणीची आहे, असे त्यात दोष दाखविले होते. दुसरा कोणी खचला असता. आयझॅक हर्षभरित झाला. काउंटरवर वाढलेल्या मुलाला नकाराची सवय असते. गिऱ्हाईक एक वस्तू घेत नाही म्हणून दुकानदार फळी लावून घेत नाही, दुसरी वस्तू पुढे करतो. शिवाय या गिऱ्हाइकाने माल का घेतला नाही, हेही सविस्तर कळविले होते. त्याच दिवशी त्याने पुढची कथा लिहावयास घेतली. यापुढे नवी कथा घेऊन महिन्याच्या महिन्याला कॅम्पबेल यांच्याकडे जावयाचे, हा त्याचा शिरस्ताच होऊन गेला. ती पहिली कथा मात्र कायमची हरवली. तिची एकही प्रत उरली नाही.

दुसरी कथाही नाकारली गेली. तिसरी कथा कॅम्पबेल यांनी परत केल्यावर त्याने ती शिकागोच्या ‘ॲमेझिंग स्टोरीज’ मासिकाकडे धाडली. ‘मरून्ड ऑफ व्हेस्टा’ हे तिचे नाव. व्हेस्टा या लघुग्रहापाशी एका अंतराळयानाचा चक्काचूर होतो आणि एका तुकड्यात तिघे जण अडकतात. त्यांच्याजवळ इंधन नाही, पण पाण्याची मोठी टाकी भरलेली आहे. टाकीस बाहेरच्या बाजूने भोक पाडले की निर्वात पोकळीत पाण्याचा फवारा उडतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने तुकडा उलट दिशेस सरकू लागतो. दिवाळीतला बाण ज्या नियमाने उडतो तोच हा नियम. घरात असलेल्या मालातूनच अडचण निभावून नेण्याची ही युक्ती कोणत्याही दुकानदारास पटावी. २१ ऑक्टोबर रोजी स्वीकृती कळली आणि महिनाअखेर धनादेश हाती आला, चौसष्ट डॉलरचा. शब्द सहा हजार चारशे, दर शब्दाला एक सेंट. १९३९ च्या मार्च अंकात ती कथा प्रसिद्ध झाली. कॅम्पबेल यांनी त्याची पहिली कथा घेतली ती १९३९ च्या जानेवारीत, म्हणजे ओळख होऊन सात महिने उलटल्यावर.

या पैशांचे पुढे काय होई? ते कोलंबिया विद्यापीठाची फी भरण्याकडे जात. आयझॅक तेथे रसायनशास्त्र शिकत होता. त्याने डॉक्टर व्हावे ही घरची इच्छा. परंतु वैद्यकीय महाविद्यालयांनी त्याला प्रवेश नाकारला. १९३९ मध्ये पदवी व १९४१ मध्ये पदव्युत्तर पदवी त्याने मिळविली ती पहाटेची वर्तमानपत्रे, दिवसाचे तास, संध्याकाळचा काउंटर आणि उरलेल्या वेळात टाइपरायटर अशा वेळापत्रकात. लेखनासाठी मनःस्थिती लागते, वातावरण लागते, असे म्हणणाऱ्यांची त्याला गंमत वाटे. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये विचार थांबवावयाचा आणि पुन्हा त्याच ठिकाणी पकडावयाचा, हे त्याच्या हाडीमाशी खिळले होते. कच्चा मसुदा एकदा टंकित करावयाचा, सुधारावयाचा, पुन्हा स्वच्छ टंकित करून कार्बन प्रत ठेवावयाची आणि मूळ प्रत रवाना करावयाची. तिसऱ्यांदा हात फिरविणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे त्याचे मत होते. ते सर्वांसच मानवेल असे नाही. त्याच्या आरंभीच्या कित्येक कथांत घाई जाणवते आणि ती त्याने स्वतःही पुढे कबूल केली.

१७ मार्च १९४१ रोजी कॅम्पबेल यांनी त्याच्यापुढे एक कल्पना टाकली. तारे हजार वर्षांतून एकाच रात्री दिसत असते तर माणसांचे काय होईल? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने घरी बसून कथा सुरू केली. तिच्यातील ग्रहाला सहा सूर्य आहेत, म्हणून तेथे काळोख ठाऊकच नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांनी एकदा रात्र होते आणि काळोखाने नव्हे, तर अचानक दिसणाऱ्या असंख्य ताऱ्यांनी लोक वेडे होतात. ‘नाइटफॉल’ ही ती कथा. १९६८ साली अमेरिकेतील विज्ञानकथालेखकांच्या संघटनेने १९६५ पूर्वीच्या लघुकथांतील सर्वोत्कृष्ट म्हणून तिला कौल दिला. लिहिताना लेखकाचे वय एकवीस वर्षे होते.

या कथेचा धनादेश आला तेव्हा रक्कम अपेक्षेपेक्षा अधिक होती. आयझॅकने हिशेब पुन्हा तपासला आणि दूरध्वनी करून कॅम्पबेल यांना कळविले की आपल्या कचेरीकडून चूक झाली आहे, पैसे जास्त आले आहेत. फीची चणचण असलेल्या विद्यार्थ्याला गप्प बसणे सोयीचे होते. पण गिऱ्हाइकाने चुकून जादा पैसे ठेवले तर हाक मारून परत द्यावयाचे, हे त्या दुकानात वेगळे शिकवावे लागत नसावे. चूक झाली नव्हती. कथा विशेष आवडल्यामुळे कॅम्पबेल यांनी शब्दाला एकाऐवजी सव्वा सेंट दिला होता. असा जादा दर मिळू शकतो, हे त्या तरुणाच्या गावीही नव्हते.

त्याच वर्षी १ ऑगस्टला तो कॅम्पबेल यांच्याकडे निघाला होता आणि डोक्यात एकही कल्पना नव्हती. भुयारी रेल्वेत बसल्या बसल्या त्याने हातातले गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिकांचे पुस्तक सहज उघडले. एका चित्रात परीराणी एका शिपायापुढे गुडघे टेकून बसली होती. शिपायावरून सैन्य, सैन्यावरून रोमन साम्राज्य, रोमन साम्राज्यावरून साऱ्या आकाशगंगेचे साम्राज्य आणि त्याचा ऱ्हास, अशी साखळी कचेरीचे स्थानक येईपर्यंत जुळून आली. ‘फाउंडेशन’ कथामाला जन्मली ती अशी. पाच सेंटांच्या तिकिटावर इतका परतावा क्वचितच कोणास मिळाला असेल.

तरीही एक आकडा डोळ्यांआड करून चालणार नाही. १९३८ ते १९४९ या आरंभीच्या अकरा वर्षांच्या लेखनाची एकूण मिळकत त्याने पुढे मांडली, ती भरली ७,८२१ डॉलर ७५ सेंट. वर्षाची सरासरी काढली तर सुमारे ७११ डॉलर आणि आठवड्याची साडेतेरा डॉलरांच्या किंचित वर. एवढ्यावर संसार चालणे अशक्य होते आणि त्यानेही तसा भ्रम बाळगला नाही. ‘नाइटफॉल’ आणि ‘फाउंडेशन’ लिहूनही लेखन हा त्याच्या दृष्टीने जोडधंदाच राहिला. १९४२ मध्ये तो फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत रसायनशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाला आणि त्याच वर्षी विवाहबद्ध झाला. दुकान सुटले, वेळ मोकळा झाला, पगार नियमित सुरू झाला. आणि आश्चर्य असे की वर्षभराहून अधिक काळ त्याने कथाच लिहिली नाही. दुकानाने त्याचा वेळ खाल्ला की त्याला वेळ दिला, याचा निवाडा करणे म्हणूनच सोपे नाही. त्या दुकानाने त्याचे बालपण घेतले, सवंगडी घेतले, सुट्ट्या घेतल्या. हे नुकसान खतावणीत खर्चाच्या बाजूसच पडते, मुलाने पुढे कितीही प्रेमाने त्या दिवसांविषयी लिहिले असले तरी.

युद्ध संपले. १९४८ साली डॉक्टरेट, १९४९ पासून बॉस्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचे अध्यापन. १९५० च्या जानेवारीत पहिले पुस्तक निघाले आणि मग हळूहळू ध्यानात आले की शब्दाला एक सेंट घेऊन विकलेला माल विकून संपलेलाच नव्हता. गोळी एकदा विकली की बरणीतून गेली. कथा विकली तरी शिल्लक राहते. जुन्या कथा एकत्र करून पुस्तके झाली, पुस्तकांच्या आवृत्त्या झाल्या, भाषांतरे झाली. त्याच पानांतून पुन्हा पुन्हा उत्पन्न येत राहिले आणि १९५८ मध्ये त्याने वेतनाची नोकरी सोडून केवळ लेखन पत्करले. वीस वर्षे थांबल्यावर घेतलेला हा निर्णय होता. उतावळ्या होतकरू लेखकांनी आणि त्यांच्या चिंताग्रस्त पालकांनीही तो बारकाईने पाहण्यासारखा आहे.

वृद्ध ज्युडा असिमोव्ह यांच्या हाती मुलाची पुस्तके येत. एकदा त्यांनी एका पुस्तकाची पाने चाळून मुलास विचारले की हे सारे तू शिकलास कोठे. मुलगा म्हणाला, तुमच्यापासून. यातले मला काहीच कळत नाही, असे वडील म्हणाले. त्यावर त्याचे उत्तर अशा आशयाचे होते की विद्येची किंमत करावयास तुम्ही शिकविले, बाकीचा तपशील आपोआप आला. १९६९ मध्ये ज्युडा निवर्तले.

लहानपणी आयझॅकला भुयारी रेल्वेच्या स्थानकातील वर्तमानपत्र-विक्रेत्यांचा मोठा हेवा वाटे. चारी बाजूंनी बंद, खिडकी नसलेली ती टपरी, आत एक दिवा, भोवती मासिकांच्या चळती आणि बाहेर धडधडत जाणाऱ्या गाड्या. अशी एक टपरी आपली असावी, दार लावून घ्यावे आणि वाचीत बसावे, हे त्याचे स्वप्न होते. साठीच्या घरात तो मॅनहॅटनमध्ये तेहेतिसाव्या मजल्यावरील घरात राहत होता. खाली सेंट्रल पार्कचा विस्तीर्ण हिरवा देखावा पसरलेला. तो सकाळी सहाला उठे, साडेसातच्या सुमारास टाइपरायटरसमोर बसे आणि रात्री दहापर्यंत बसे, रविवार असो की सणवार. खोलीचे पडदे तो ओढून घेई आणि भर दिवसा दिवा लावून काम करी.